वणव्याचा गुण

बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायचं, हे डब्लिनमध्ये कुणी कुणाला शिकवत नाही. शाळेची पोरं म्हणतात, दुपारपासून प्यायलेले म्हणतात, फोनवर नवऱ्याशी कडाकडा भांडणारी बाईसुद्धा क्षणभर भांडण थांबवून म्हणते आणि मग उतरते. नूला मॅकगव्हर्न गेली सव्वीस वर्षं रोज दोनदा म्हणत आली होती. त्या मंगळवारी सकाळी मात्र विद्यापीठाच्या थांब्यावर तिनं एक पाय खाली टाकला आणि शब्द काही बाहेर पडेना. घशात आला, जिभेवर आला, आणि तिथेच बसला. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. पाहिलं ते सहजच असेल, पण ती चोरासारखी लगबगीनं उतरली, आणि बस निघून गेल्यावर तिनं एकटीनंच म्हणून पाहिलं, थँक्यू. म्हणता येत होतं. मग मघाशी काय झालं? चव्वेचाळीस वर्षांची बाई, जंतूंवर पीएच.डी. केलेली, आणि एवढ्याशा गोष्टीनं छातीत धडधडतंय म्हणजे कमालच झाली. तिनं कोटाच्या खिशात हात घातला, काढला, पुन्हा घातला. बोटांना लोण्याचा वास येत होता. गेले आठ महिने येतच होता. किती वेळा हात धुतले तरी जायचा नाही, आणि आता तर तो खरंच येतो की आपल्यालाच येतो, हेही तिला सांगता आलं नसतं.

रविवारी फोनवर ती वडिलांना जे बोलली, ते तिला तेव्हापासून टोचत होतं. "तुम्ही मला अर्धंच दिलंत, डॅडी," असं ती म्हणाली होती. तेसुद्धा आवाज न चढवता, नीट विचार करून, प्रयोगशाळेत एखादा निष्कर्ष सांगावा तसं. पलीकडे त्यांच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मग ते म्हणाले, "माझ्याकडे होतं तेवढं दिलं," आणि फोन ठेवला. नेहमी ठेवताना ते बाय, बाय, बाय, बाय असं पाच-सहा वेळा म्हणायचे, तिकडचे सगळेच म्हणतात. रविवारी एकदाही म्हणाले नाहीत.

तिच्या वडिलांकडे, फेलिम मॅकगव्हर्न यांच्याकडे, वणव्याचा गुण आहे, हे गावाकडे, कॅव्हनच्या त्या टेकड्यांमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. वणवा म्हणजे कातडीचा तो रोग, आणि गुण म्हणजे तो बरा करायची घराण्यात चालत आलेली देणगी. पाय नाहीतर गाल एकाएकी लालभडक होतो, तापतो, आणि ती लाली कडेकडेनं पसरत वर चढते, डोळ्यांदेखत. त्याचा जंतू कोणता, त्याचं नाव काय, तो कशानं मरतो, हे नूला विद्यार्थ्यांना शिकवायची. पण लहानपणी तिनं तो पाहिला होता मागच्या दारात उभा. पायाला फडकं गुंडाळलेले शेतकरी, गाल सुजलेल्या बायका, मैलोन् मैल गाडी चालवून आलेले. ते टोपी हातात घेऊन म्हणायचे, "फेलिम, तुझ्याकडे वणव्याचा गुण आहे असं ऐकलं." एवढंच. मागितल्याशिवाय द्यायचा नाही, हा पहिला नियम. तीन सकाळी लावायचा, हा दुसरा. पैसे घ्यायचे नाहीत, आणि थँक्यू तर कुणी म्हणायचंच नाही, म्हटलं की गुण गेला. त्यामुळे बरं झालेलं माणूस निघताना मोठं अवघडायचं. आभार तोंडाशी आलेले असायचे, आणि ते गिळून माणूस पावसाबद्दल, गवताच्या कापणीबद्दल काहीबाही बोलत मागे मागे सरत जायचं. आठवडाभरानं फाटकाच्या खांबावर चहाचा पुडा नाहीतर अंडी ठेवलेली असायची. कुणी ठेवली ते विचारायचं नाही. नूला त्या घरात वाढली, जिथे आभार म्हणजे एक धोक्याची वस्तू होती, आणि अठराव्या वर्षी या शहरात आली, जिथे ते खिशातल्या चिल्लरीसारखे वाटेल तिथे टाकतात. ती लगेच शिकली. शिकली म्हणजे काय, सुटल्यासारखं वाटलं तिला.

प्रयोगशाळेत कॉर्मॅक आधीच येऊन बसला होता. वडिलांचं वणव्याचं मलम तपासायच्या कामातला तो तिचा जोडीदार, तिकडे दक्षिणेतल्या कॉर्कचा, अघळपघळ, सगळ्या जगाला 'लेका' म्हणणारा. त्यानं काही विचारलं नाही, म्हणजे त्यानं जंतू वाढवायच्या उबदार पेटीत डोकावून पाहिलं होतं. अकरावी खेप. तिनं काचेच्या बशा बाहेर काढून उजेडात धरल्या. डॅडींच्या मडक्यातल्या जुन्या मलमाचा ठिपका जिथे होता, त्याच्याभोवती जंतू उगवलेच नव्हते. स्वच्छ, गोल, बोटभर रुंदीचं कडं. शेजारच्या बशीत तिनं स्वतः केलेलं मलम, त्याच तीन वनस्पती, तेच बिनमिठाचं लोणी, तेवढाच वेळ मंद आचेवर. तिथे जंतू ठिपक्याच्या अगदी कडेपर्यंत मजेत वाढलेले. अकरा वेळा तेच. आणि जुन्या मलमाच्या बशीत, ठिपक्याच्या बुडाशी, तेच ते फिकट पांढरट कण, पहिल्या खेपेपासून दर वेळी आलेले. वहीत तिनं दर वेळी त्यांच्यापुढे 'भेसळ' लिहिलं होतं आणि दर वेळी मनातून शरमली होती. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचं स्वयंपाकघर, कुत्रं आत-बाहेर करतंय, त्यात भेसळ नाही होणार तर काय. माहेर पाहुण्यांना दाखवताना कोपऱ्यातली जळमटं आधी झाडून घ्यावीत, तसं तिला व्हायचं. आजही तिनं लिहिलं, भेसळ.

जुनं मलम आता संपलं होतं. ऑक्टोबरात डॅडींनी उकडलेलं अंडं ठेवायच्या छोट्या कपात चमचाभर दिलं होतं, ते खरवडून खरवडून अकरा खेपा पुरवलं. कॉर्मॅक म्हणाला, शुक्रवारी अहवाल द्यायचाय, तेव्हा सरळ लिहून टाकू की वनस्पतींमध्ये काही नाही, जुन्या नमुन्यात बाहेरचं काहीतरी पडलं असणार. मग टेबलाची कड पुसत म्हणाला, "नाहीतर तुझ्या म्हाताऱ्यानं एखादी चौथी पाती हातचं राखून ठेवली असेल. राग मानू नकोस, लेका, पण माझी आजी सोडा-ब्रेडची कृती सांगतानासुद्धा एक गोष्ट गाळायची." नूला हसली. तिनं सगळ्या बशा पिशवीत भरल्या, तोंड बांधलं, वर 'निर्जंतुक करून टाकणे' अशी चिठ्ठी लावली आणि पिशवी ऑटोक्लेव्हपाशी, जंतू मारायच्या वाफेच्या यंत्रापाशी ठेवली, उद्या सकाळच्या वाफेसाठी. नियम होता तो.

हातचं राखलं असेल? तिला ते पटत नव्हतं आणि दुसरं काही सुचतही नव्हतं. ती जागेवर बसेना. खिडकीपर्यंत गेली, परत आली, नळ सोडला, बंद केला. हा गुण पुरुषाकडून बाईकडे जातो आणि बाईकडून पुरुषाकडे. डॅडींना तो त्यांच्या आत्याकडून, ब्रिजी आत्याकडून आला, तिला कुणा काकाकडून. म्हणजे डॅडींनंतर नूलाच, दुसरं कुणी नव्हतंच. आणि देणाऱ्याचा तो जातो. वीस वर्षं ती मागत होती आणि वीस वर्षं ते म्हणत होते, तुला दिला तर दारात येणाऱ्यांना मी काय सांगू? गेल्या ऑक्टोबरात मात्र आपण होऊन म्हणाले, ये, आता देतो. ती डब्लिनहून स्टीलचं नवं पातेलं घेऊन गेली, निर्जंतुक केलेलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, आणि वजनकाटा. त्यांनी तिला बांधावर नेलं. वाटेकडेचं रुंद पानांचं गवत दाखवलं, ब्लॅकबेरीच्या जाळीचे कोवळे शेंडे दाखवले, गोठ्याच्या छपरावर उगवणारी ती मांसल पानांची रोपटी शिडी लावून स्वतः काढून दिली. तिच्या पातेल्याकडे त्यांनी जरा नवलानं पाहिलं, पण बोलले नाहीत. ती प्रत्येक गोष्ट तोलून लिहून घेत होती. शेवटी म्हणाले, झालं, आता तुझा. आणि खुर्चीत असे बसले की त्यांचे खांदे एकदम लहान दिसायला लागले. तिला फार वाटलं होतं तेव्हा की काहीतरी म्हणावं. थँक्यू तर म्हणता येत नव्हतं. ती म्हणाली, बस चुकेल माझी.

दुपारी बर्नीचा फोन आला. बर्नी म्हणजे डॅडींची शेजारीण, साठीची विधवा, दिवसातून एकदा त्यांच्याकडे डोकावून जाणारी, आणि एरवी फोनवर पंधरा मिनिटं हवापाण्यावर काढणारी. आज तिनं हवेचं नावही काढलं नाही. "पोरी, त्याच्या पायाला वणवा लागलाय. शुक्रवारपासनं. मला आज दिसलं, पँट वर गेली तेव्हा. डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणतो, नूला येईल." नूलानं विचारलं, कुठवर चढलाय? बर्नी म्हणाली, गुडघ्याच्या खाली चार बोटं. शुक्रवारपासून. म्हणजे रविवारी ती अर्धंच दिलंत म्हणाली, तेव्हा ते तो पाय स्टुलावर ठेवून बसले होते.

कॅव्हनची बस दोन तास घेते. ती पूर्ण वेळ सीटच्या कडेवर बसून होती. या रोगानं माणूस दगावतं, या वयात तर सहज. लाली मांडीपर्यंत गेली आणि जंतू रक्तात उतरले की मग धावाधाव. हे ती पुस्तकातून सांगू शकत होती, आणि घरातूनही. तिची आई तशीच गेली होती, बारा वर्षांपूर्वी, शस्त्रक्रियेच्या जखमेतून चढलेल्या जंतूंनी, कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या. मॅमी शाळामास्तरीण. नवऱ्याकडे येणाऱ्या लोकांना चहा द्यायची, पण त्या मडक्याकडे बघायचीही नाही. तुझ्या बापाचा जादूटोणा म्हणायची, हसून. दवाखान्यात डॅडी सहा दिवस तिच्या उशाशी बसून होते, कोट न काढता. कोटाच्या खिशात जॅमची बरणी होती. नूलानं ती पाहिली होती, आणि तिनं ती पाहिली हे त्यांनाही दिसलं होतं. पण मागितल्याशिवाय द्यायचा नाही. मॅमीनं मागितलं नाही. त्यांनी दिला नाही. त्या बरणीतल्या मलमानं काही झालं असतं का? बहुतेक नाही. बहुतेक, हा शब्द नूलानं त्यानंतर बारा वर्षं घासून घासून पाहिला, आणि या सगळ्या कामाला हात घातला तो त्या बहुतेकसाठीच. विद्यापीठाला तिनं वेगळी कारणं लिहून दिली होती. बस एका वळणावर कलंडली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण नखानं सीटचं कापड उसवत बसलोय.

घरी पोचली तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते आणि जूनचं ऊन अजून टेकडीवर पसरलेलं होतं. कुत्रं भुंकलं नाही, नुसतं उठून तिच्या पायाशी आलं. डॅडी स्वयंपाकघरात, शेगडीजवळच्या खुर्चीत, पाय स्टुलावर. पँट वर केलेली. पाय कसला, भाजलेल्या बिटासारखा झालेला, चकाकत होता, आणि लालीची कड वर गुडघ्याला टेकली होती. चार बोटं राहिली नव्हती. ती वाकून हात लावायला गेली. त्यांनी हातानंच थांबवलं. मग खुर्चीचा आधार घेत उभे राहिले, सावकाश, आणि तिला कळेपर्यंत लंगडत मागच्या दाराबाहेर गेले. दार ओढून घेतलं. तिला वाटलं, तापात भ्रम झाला की काय. दारावर टकटक झाली. तिनं उघडलं. ते उंबऱ्यापलीकडे उभे होते, टोपी काढून हातात धरलेली, घामानं केस कपाळाला चिकटलेले.

"नूला," ते म्हणाले, "तुझ्याकडे वणव्याचा गुण आहे असं ऐकलं."

तिला रडू आलं, आणि त्याच वेळी इतका राग आला की दाराची कडी तिनं मुठीत आवळून धरली. हा माणूस पाच दिवस एवढ्यासाठी थांबला होता. स्वतःकडचा दिला म्हणून स्वतःला लावता येत नाही, आणि डॉक्टरकडे जाणं म्हणजे पोरीवर विश्वास नाही असं दिसेल. तिच्या मलमाच्या अकरा बशा, अकराही गच्च भरलेल्या, तिच्या डोळ्यांसमोरून गेल्या. आपल्याकडे काहीही नाही, डॅडी, हे तिच्या तोंडात होतं. ती म्हणाली, "आहे. आत या." मग पुढचं एका दमात बोलली, की मी तीन सकाळी लावीन, सगळं रीतीनं करीन, पण आजपासून डॉक्टरच्या गोळ्याही घ्यायच्या, कबूल असेल तर बसा. ते म्हणाले, "तुझ्या जिवाला बरं वाटत असेल तर घेतो." बर्नी गाडी काढून डॉक्टरला घेऊन आली, डॉक्टरनं पाय पाहून नूलाला बाजूला घेतलं आणि म्हटलं, एक दिवस उशीर झाला असता तर दवाखान्यातच न्यावं लागलं असतं, आताही रात्रीत लाली आणखी वर चढली तर फोन करा. पेननं पायावर लालीच्या कडेला रेघ ओढली, पहिल्या गोळ्या स्वतः दिल्या आणि गेला. डॅडी त्या रेघेकडे पाहून म्हणाले, मेंढरावर खूण करतात तशी केली की गं यानं.

सकाळी मलम करायला म्हणून तिनं ओट्याखालचं फडताळ उघडलं. मडकं तिथे नव्हतं. ते खिडकीत होतं. ब्रिजी आत्याचं तपकिरी मडकं, ज्याच्या आतला भाग तिनं जन्मात कधी पाहिला नव्हता, कारण तो कायम पिवळसर थराखाली असायचा. आता तो दिसत होता. पांढरास्वच्छ, उन्हात चमकणारा. तिनं उचलून नाकाशी धरलं. साबण आणि धुण्याचा सोडा.

"तुझ्यासाठी घासून ठेवलंय," डॅडी मागून म्हणाले. ऑक्टोबरातच, ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. तीन वेळा उकळतं पाणी, सोडा, तारेचा घोसा, दोन दिवस लागले. तू नेशील पुढच्या खेपेला म्हणून. दुसऱ्याच्या हाती भांडं द्यायचं तर लख्ख करून द्यावं, आईनं शिकवलंय आम्हाला, आणि त्यात तू प्रयोगशाळेतली, तुझ्यासमोर तसलं घाणेरडं मडकं ठेवायची मला लाज वाटली. नूलानं अगदी सावकाश विचारलं, याआधी कधी घासलं होतं? ते हसले. कधीच नाही. रिकामंच कुठे व्हायचं ते. नवं केलं की त्यातच ओतायचं, जुन्यावर. ब्रिजी आत्या म्हणायची, थोडं तळाशी राहू दे, नव्याला सोबत होते. "तिचं आपलं काहीतरी बोलणं," ते म्हणाले. "ते काही गुणात येत नाही."

विरजण. ती मडकं हातात धरून उभी राहिली आणि तिच्या कानात नुसतं तेवढंच वाजत राहिलं. पाला नव्हता, लोणी नव्हतं. पाला आणि लोणी हे त्याचं नुसतं खाणं होतं. काहीतरी जिवंत होतं त्या थरात, ब्रिजी आत्याच्याही आधीपासून, कुणास ठाऊक कुणाच्या हातून आलेलं. शंभर वर्षं कुणीतरी त्याला वेळच्या वेळी भरवत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. आणि तिच्या बशांत ते अकरा वेळा येऊन बसलं होतं, फिकट, पांढरट, बुडाशी. अकरा वेळा तिनं त्याला भेसळ म्हटलं. बापानं तारेच्या घोशानं घासलं ते पोरीची लाज राखायला, आणि पोरीनं वहीत घासलं ते बापाची लाज राखायला. कुणी काही हातचं राखलं नव्हतं. मग तिला ती पिशवी आठवली.

ती फोन घेऊन अंगणात धावली. आठ वाजून चाळीस मिनिटं. घंटा वाजतच राहिली, तिसऱ्यांदा कॉर्मॅकनं उचलला. ती ओरडलीच, पिशवी लावू नकोस, ऑटोक्लेव्ह बंद कर, त्या बशांत आहे ते, पांढरे कण, भेसळ नाहीये ती, तेच औषध आहे! तो म्हणाला, हळू बोल, काय झालं? तिनं सांगितलं. मडकं, जुन्यावर नवं ओतणं, आत्याचं बोलणं, त्यांनी ते घासून उकळून टाकलंय, कॉर्मॅक, तळापासून, काही उरलेलं नाही इथे, तुझ्याकडे आहे तेवढंच. कॉर्मॅक अगदी हळू म्हणाला, "आठला लावली, नूला. तुझी चिठ्ठी होती." ती म्हणाली, बरं. तिनं पुन्हा म्हटलं, बरं. अहवालातून भेसळ हा शब्द काढ, एवढं सांगितलं. नमुना जिवंत होता आणि तो आमच्या हातून गेला, असं लिही. तो म्हणाला, तसं कुणी लिहितं का? ती म्हणाली, आपण लिहू. फोन ठेवून वळली तेव्हा तिला दिसलं, स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती, आणि तिच्या आत, अंगणाकडे पाठ करून, डॅडी बसले होते. मान जराही हलत नव्हती.

त्यांनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. तिनं बांधावरून पाला आणला, लोणी कढवलं, गाळलं, आणि घासलेल्या त्या मडक्यात ओतलं. ती पायाला लावत होती आणि डॅडी शेगडीकडे बघत होते. काहीच नाही या मलमात, हे तिला माहीत होतं, आणि आता त्यांनाही. तरी त्यांनी पाय पुढे केला आणि तिनं लावलं. रविवारच्या बोलण्याबद्दल तिनं माफी मागितली ती फडकं बांधता बांधता, खाली मान घालून. ते म्हणाले, "दिलं होतं सगळं." ती म्हणाली, हो. दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या बोटभर आत होती. दिवसभर ती घरात येरझाऱ्या घालत राहिली. मडक्याच्या कानाला एक जुनी चीर होती, तिच्यात काळसर काहीतरी दिसत होतं. ती सुई घेऊन बसली आणि कागदावर खरवडत राहिली. जे पडलं ती माती असावी किंवा नुसता सोडा. तिनं तरी कागदाची पुडी केली. बर्नी दुपारी आली आणि पाय पाहून म्हणाली, बघ, म्हटलं नव्हतं, पोरीच्या हातात बापाचाच गुण उतरलाय. आता लोक तुझ्याकडे यायला लागतील, डब्लिनला येतील बघ बसनं. नूलाला एकदम धाप लागल्यासारखं झालं. आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटचं दार तिला दिसलं, आणि दारात टोपी काढून उभी असलेली माणसं, आणि त्यांना आहे म्हणणारी आपण. डॅडी बर्नीकडे नव्हे, नूलाकडे बघत होते.

शुक्रवारी, तिसऱ्या सकाळी, सूज उतरली होती. कातडी सुरकुतली होती आणि लाली घोट्याशी तेवढी उरलेली. गोळ्यांनी आपलं काम चोख केलं होतं. तिनं शेवटचं लावलं, फडकं बांधलं, बोटं पुसली. दहाच्या बसनं तिला निघायचं होतं. बॅग दाराशी होती, आणि मडकं न्यायचं की नाही ते काही ठरत नव्हतं. डॅडी उठले. काठी न घेता दारापर्यंत गेले, उंबरा ओलांडला, आणि वळून उभे राहिले, टोपी हातात घेऊन. आता ते पावसाचं काहीतरी बोलतील, तिला वाटलं, आणि मागे सरत सरत कोंबड्यांकडे निघून जातील. तशीच रीत होती. त्यांनी एकदा आभाळाकडे पाहिलंसुद्धा. साठ वर्षं या दारात त्यांनी कुणाला तो शब्द उच्चारू दिला नव्हता. एकदा एका म्हातारीच्या तोंडावर त्यांनी चक्क हात ठेवला होता, नूलानं पाहिलं होतं ते, सहा-सात वर्षांची असताना.

"थँक्यू, नूला," ते म्हणाले.

नीट म्हणाले, एकेक अक्षर. तिचा हात आपोआप वर गेला, त्या म्हातारीच्या तोंडावर त्यांचा गेला होता तसा, आणि मध्येच थांबला. ते तिच्याकडे सरळ बघत होते. चुकून बोललेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो. मग ते टोपी डोक्यावर घालून अंगणात उतरले, जरासे लंगडत, आणि कोंबड्यांना हाका मारायला लागले. ती उंबऱ्याशी उभी राहिली. रीतीप्रमाणे गुण गेला होता, आता तिच्याकडे कुणी येणार नव्हतं. तिनं खिशातली कागदाची पुडी चाचपली. ती तिथेच होती.